सात नंबरचं दूध

"आठ," ती म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की हे खोटं आपण आज पहिल्यांदा तोंडाने बोललो. वहीत गेले पाच दिवस ती आठच लिहीत होती. पण लिहिलेलं खोटं जरा सभ्य वाटतं; ते रकान्यात बसतं, वर तारीख असते, खाली बेरीज असते. बोललेलं मात्र आपल्याच कानांवर येऊन आदळतं. डॉक्टरीणबाईंना काही जाणवलं नसावं. त्यांनी मान हलवली, तक्त्यावर काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, "दिवसातून आठ वेळा काढून नव्वद मिलिलिटर, आणि तेही रोज कमी होतंय. आज बारावा दिवस ना? पहिल्या दोन आठवड्यांत दूध नीट उतरलं तर उतरतं, मग फार जड जातं. आज तुमच्या तपासण्या करून घेऊ आणि उद्यापासून दूध वाढवायची गोळी सुरू करू. तोवर दूधपेढीचं दूध द्यावं लागेल, त्याच्या संमतीचा कागद सिस्टर आणून देतील." एवढं बोलून त्या आठ नंबरच्या पेटीकडे वळल्या. त्यांच्या मागून दोन शिकाऊ डॉक्टर वळले, आणि ती सात नंबरच्या पेटीला टेकून तशीच उभी राहिली.

सात नंबर म्हणजे तिची मुलगी. अजून नाव ठेवलेलं नव्हतं, आणि इथे नावाची कुणाला गरजही नव्हती. औषधांवर सात, लंगोटांच्या डब्यावर सात, फ्रीजमधल्या दुधाच्या बाटल्यांवर सात. वजन अकराशे चाळीस ग्रॅम. एकोणतिसाव्या आठवड्यात आलेली, काचेच्या पेटीत उताणी पडलेली, नाकातून एक बारीक नळी थेट पोटात गेलेली. त्या नळीतून दर दोन तासांनी नऊ मिलिलिटर दूध जायचं, म्हणजे दिवसाचं एकशे आठ. तिच्या नव्वदाने ते भागत नव्हतं आणि उद्या नवाचे दहा होणार होते, परवा अकरा. पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की एवढ्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं, त्याला सूज आली तर जिवावर बेतू शकतं, आणि त्यापासून राखणारं सगळ्यांत चांगलं औषध म्हणजे आईचं स्वतःचं दूध. दूधपेढीचंही चालतं, ते दुसऱ्या बायकांनी दिलेलं, तापवून जंतू मारलेलं असतं; पण तापवताना त्यातलं थोडं बळ जातं. तुमचं ते तुमचं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य तिने नको इतकं मनावर घेतलं होतं.

खरा आकडा चार होता. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. आणि हे तिने आळसाने केलं नव्हतं, हीच त्यातली गंमत होती. आळशी म्हणून तिला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. शहराच्या पाणी खात्यात ती बारा वर्षं अभियंता होती, कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा याचं वेळापत्रक तिच्या टेबलावर बनायचं. ऑफिसात तिला सगळे टाकी मॅडम म्हणायचे, तोंडावर मॅडम आणि पाठीमागे नुसतंच टाकी. टेबलामागच्या भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर निळे गोल, आणि त्या गोलांची तिला अशी सवय की एखाद्या वस्तीचं नाव निघालं की आधी तिथली टाकी डोळ्यांपुढे यायची, मग माणसं. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची: टाकी भरल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. अर्धी टाकी सोडली की पहिल्या चार गल्ल्या भरून घेतात आणि शेवटच्या गल्लीतल्या नळातून नुसती हवा फुसफुसते, मग ती गल्ली फोन करून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. साठू द्या, दाब येऊ द्या, मग सोडा. बारा वर्षांत हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की अंग आणि टाकी यांत काही फरक असेल अशी शंकासुद्धा आली नाही.

बाळंतपणाची सुरुवातही ऑफिसातच झाली होती. उंचावरच्या टाकीची पातळी का घसरतेय याची फोनवर चौकशी करत असताना खुर्चीतच तिचं पाणी गेलं आणि पहिल्या क्षणी तिला वाटलं, टेबलावरची बाटली सांडली. तिने बाटली उचलून पाहिली. बाटली भरलेली होती. शेजारच्या टेबलावरच्या बाई किंचाळल्या तोवर ती फोनवरच्या माणसाला सांगत होती, "पाच मिनिटांनी करते." तो माणूस अजून वाट बघत असेल. त्या दिवशी संध्याकाळी मुलगी झाली, कुणीतरी ती क्षणभर दाखवली न दाखवली आणि घेऊन गेलं, आणि दोन तासांनी एक ठेंगणी बाई खोलीत आली, हात धुतले, बाही सरसावली आणि म्हणाली, "चला, कामाला लागू या." हिला दवाखान्यात सगळे दूधताई म्हणायचे. बाळांना पाजण्याचं, आयांचं दूध उतरवण्याचं, फ्रीजमधल्या बाटल्या सांभाळण्याचं काम तिचं. दूधताईने तिला स्वतःच्याच बोटांनी छाती दाबून दूध काढायला शिकवलं आणि आपण इंजेक्शनची बिनसुईची नळी धरून बसली. वीस मिनिटांनी नळीत पिवळट, चिकट असं शून्य पूर्णांक चार मिलिलिटर जमलं. तिला लाज वाटली. दूधताईला अजिबात वाटली नाही. ती म्हणाली, "भरपूर आहे. तिचं पोट केवढं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं," आणि ती नळी दोन्ही हातांत धरून जवळजवळ पळत गेली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि दूध उतरलं. पंपांची खोली तळमजल्यावर, बाळांच्या खोलीच्या शेजारीच होती. सहा खुर्च्या, मध्ये पडदे, एक बेसिन, ज्याचा नळ पायाने चालायचा, आणि कोपऱ्यात काचेच्या दाराचा फ्रीज. पडद्यामागे बसून यंत्र लावायचं. यंत्राचा आवाज घुं-चक, घुं-चक असा. ऐकत राहिलं की त्यातून शब्द निघायला लागत, कधी नंबर, कधी कुणाचं नाव, एकदा तर तिला स्पष्ट ऐकू आलं, कोण-तू, कोण-तू. पलीकडच्या पडद्यात जुळ्यांची आई बसायची. गोल चेहऱ्याची, बोलघेवडी, आणि दुधाच्या बाबतीत नशीबवान. वीस मिनिटांत तिच्या दोन बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या. "अहो, मला तर बाळ रडलं तरी गळायला लागतं, दुसऱ्याचं रडलं तरी," असं ती हसत हसत सांगायची आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायला उठायची. मग हिला आपली बाटली घेऊन तिच्या मागून जावं लागे. तळाशी वीस, कधी बावीस. काचेच्या दारातून सगळ्यांच्या बाटल्या दिसायच्या, नंबर लावलेल्या, आणि सात नंबरच्या बाटल्या वर्गात सगळ्यांत बुटक्या मुलांसारख्या पुढच्या ओळीत उभ्या असायच्या.

पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं, मुलगी मागे राहिली. नवऱ्याने भाड्याने पंप आणला. तो छापखान्यात मशीन चालवायचा, त्याने यंत्र उघडून आतल्या रबरी चकत्या तपासल्या आणि समाधानाने मान डोलावली. त्याच्या परीने बाळंतपणात त्याचा वाटा तेवढा. दूधताईने आठ रकान्यांची वही दिली आणि बजावलं, दर तीन तासांनी, आठाच्या खाली यायचं नाही. सहाव्या दिवशी दवाखान्यात येताना वाटेत बस बंद पडली. सकाळी सहानंतर काढायला बारा वाजले, छाती ठणकत होती, आणि यंत्र लावल्यावर बाटलीत शेहेचाळीस आले. शेहेचाळीस! बाटली अर्ध्याच्या वर गेली. जुळ्यांच्या आईने पडद्यातून डोकावून म्हटलं, "बघा, आलं की नाही!" आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर आपलंच काम आहे. तीन तासांनी वीस, सहा तासांनी शेहेचाळीस. अर्धी टाकी सोडतोय आपण. साठू द्यायला हवं. त्या रात्री तिने अगदी ऑफिसात बसून आखावं तसं वेळापत्रक आखलं, दिवसातून चार वेळा, आणि पहिल्या दिवशी बेरीज एकशे बहात्तर आली, आदल्या दिवसापेक्षा चार जास्त. तिला तेव्हा जे वाटलं ते कबूल करायला हवं. तिला वाटलं, दवाखान्यातल्या लोकांना एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही.

वहीचं मात्र अवघड होतं. चार रकाने रिकामे दिसले असते, दूधताईने विचारलं असतं, मग समजावून सांगत बसावं लागलं असतं. आधी आकडे येऊ देत, मग सांगू, असं तिने ठरवलं. म्हणून चाळीसचे वीस-वीस केले. वहीत केले म्हणून बाटल्यांतही करावे लागले; एकदा काढलेलं दूध दोन बाटल्यांत, एका बाटलीवर खरी वेळ आणि दुसरीवर तीन तास पुढची. दवाखान्याला वाटे बाकीचं घरी काढते, सासूबाईंना वाटे बाकीचं दवाखान्यात. यात कुणाला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. आणखी एक कारण होतं, ते ती स्वतःलासुद्धा पूर्ण वाक्यात सांगत नसे. बुटकी बाटली दिवसातून आठ वेळा बघण्यापेक्षा बऱ्यापैकी बाटली चार वेळा बघणं सोपं होतं. यंत्राला लावून घेतलेली ती स्वतः, पडद्याच्या निळ्या कापडाकडे बघत, आणि शेजारच्या खोलीत काचेत ती मुलगी, जिला आपण अकरा आठवडे आधी बाहेर टाकलं. टाकलं हाच शब्द तिच्या मनात यायचा. जे पोटात ठेवता आलं नाही ते निदान छातीतून पुरवता यावं, एवढंच उरलं होतं, आणि तिथेही आपण काठावर पास होणाऱ्यांतल्या.

मग आकडे घसरायला लागले. एकशे पासष्ट, एकशे चाळीस, एकशे अठरा, नव्वद. टाकीची पातळी घसरली की पाणी खात्यातला माणूस दोनच गोष्टी बघतो, गळती आहे का आणि मागून आवक कमी झाली का. गळती नव्हती. तेव्हा तिने आवक वाढवली. तांब्याने पाणी प्यायला लागली, सासूबाई अळिवाच्या खिरीच्या वाट्यांवर वाट्या गरम गरम आणून समोर ठेवायच्या त्या निमूट संपवायला लागली, पोट तुडुंब आणि बाटली तशीच. वेळापत्रकावर तिचा संशय एकदाही गेला नाही. शरीरावर गेला. हेच शरीर ते, ज्याला दिवस पूर्ण भरता आले नाहीत, ते आता दुधाचं तरी काय दिवे लावणार, असं ती आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हणाली होती, आणि म्हटल्यावर ब्लाऊजची बटणं लावून बस पकडायला गेली होती.

सिस्टरने कागद आणून दिला. "माझ्या बाळाला दूधपेढीतील दूध देण्यास माझी हरकत नाही," खाली सहीची जागा. दुसऱ्या कुणा बाईचं दूध मुलीच्या पोटात जाणार यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. ती बाई चांगलीच असणार, नाहीतर कशाला देईल. तरी तिने पेन उघडलं आणि टोपण परत लावलं. "बसून वाचते," असं सांगून ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. समोर दवाखान्याचं धुणं वाळत होतं, हिरवे अंगरखे ओळीने, वाऱ्याने सगळ्यांच्या बाह्या एकाच बाजूला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्या रोज अकरा-साडेअकराला करायच्या, यंत्राचे भाग उकळून ठेवलेत हे सांगायला.

"काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

"दूध कमी पडतंय म्हणाल्या, आई. उद्यापासून गोळी देणार आहेत."

मग सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हातचं तुला लागत नाहीये का? काही चुकतंय का माझं?"

"छे हो, तुमचं काय चुकणार त्यात."

"नाही, मला आपलं वाटलं." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "एक सांगू? कुणाला बोलू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. माझंही असंच झालं होतं. पहिल्या महिन्यात इतकं होतं की पदर भिजायचा. मग कसं कोण जाणे, आटलं. त्याला डब्याचं दूध घातलं मी. लोकांना सांगायचे, अंगावरच पितो, आणि आत जाऊन दार लावून बाटली द्यायचे."

"आई, एवढं काय त्यात."

"आता वाटत नाही गं, तेव्हा मरणाची लाज वाटायची. कितीतरी केलं. सासूबाई म्हणायच्या तसं सगळं केलं. त्या म्हणायच्या, सारखं सारखं पाजू नको, चमचा चमचा मिळून त्याचं पोट भरत नाही, साठू दे, सकाळ-संध्याकाळ भरपूर पाज. तो रडायचा, छाती भरून ठणकायची, तरी मी कळ काढून बसायचे. तेवढंही करून आटलंच बघ. देवाला ठाऊक कशाने."

ती बाकावर बसली होती, फोन कानाला. साठू दे. सासूच्या सासूबाई, ज्यांना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं, कपाळावर आठ्या घातलेल्या, ज्यांनी आयुष्यात टाकीचा नकाशा पाहिला नसेल, त्यांनी आणि तिने मिळून अगदी तोच निष्कर्ष काढला होता. त्यांना काढता आला तो अडाणीपणाने म्हणावं, तर हिची पदवी काय कामाची होती? एकशे पासष्ट, एकशे चाळीस, एकशे अठरा. आकडे तर तिच्याच हाताने लिहिलेले, पाच दिवस डोळ्यांसमोर. ऑफिसात एखाद्या पोराने असा तक्ता दाखवून 'काय होतंय कळत नाही' म्हटलं असतं तर तिने त्याला विचारलं असतं, बाबा रे, घसरण सुरू कधी झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी तू काय बदललंस? तिने स्वतःला हे विचारलं नव्हतं, कारण उत्तर तिला आवडणार नव्हतं. "हॅलो? ऐकतेस ना?" सासूबाई विचारत होत्या. ती म्हणाली, "आई, तुमचं काही चुकलं नव्हतं. कशाने आटलं ते मी तुम्हाला घरी आल्यावर सांगते." आणि फोन ठेवून उठली.

दूधताई फ्रीजसमोर स्टुलावर बसून बाटल्यांचे नंबर तपासत होती. तिने दूधताईला सगळं एका दमात सांगितलं, बस बंद पडल्यापासून ते वीस-वीसपर्यंत, उभ्या उभ्या, वर्गात उभं राहून पाठ म्हणावी तसं. सांगताना ती दूधताईच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हातातल्या बाटलीकडे बघत होती. दूधताईने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न जो विचारला तो तिला अपेक्षित नव्हता.

"यातल्या खऱ्या वेळेच्या कुठल्या?"

"एका जोडीतली एक खरी. पहिली."

"जोड्या ओळखता येतील?"

सहा बाटल्या बाहेर काढल्या. चारांचं जमलं, दूधताईने जुनी लेबलं खरवडून नवी लावली. दोन बाटल्या कधीच्या हे तिला काही केल्या आठवेना. जोडीतल्या दुसऱ्या आधीच वापरून झाल्या होत्या. दूधताईने त्या दोन्ही उचलून बेसिनपाशी नेल्या आणि तिच्या हातात दिल्या. "ओता." बावीस आणि एकोणीस, एक्केचाळीस मिलिलिटर, सात नंबरला चार वेळा पुरून उरलं असतं एवढं. तिने ओतलं. पांढरं पाणी जाळीभोवती फिरून गेलं आणि दूधताई म्हणाली, "वहीत काय लिहिलं त्याचं मला काही नाही. लोक वह्यांत काय वाट्टेल ते लिहितात. पण बाटलीवरची वेळ माझ्यासाठी नसते, तिच्या पोटासाठी असते. शिळं दूध ताजं म्हणून मी तिला दिलं असतं तर? परत असं कराल तर तुमच्या बाटलीला मी हात लावणार नाही." दूधताईचा आवाज चढला नव्हता. तिला मात्र रडू कोसळलं, आणि ते बऱ्याच दिवसांचं साठलेलं असल्यामुळे आवरेना. दूधताईने तिला रडू दिलं. मग तिच्या हातात स्वच्छ फडकं देत म्हणाली, "आता एक विचारू? तुमच्या शहरात लोकांनी नळ उघडलेच नाहीत तर तुम्ही काय करता?"

"पाणी कमी सोडतो. मागणी नाही म्हणून."

"मग."

एवढंच. तिला हसू आलं, फडक्यातच. दूधताई पुढे सांगत राहिली की ही टाकी नव्हे, भरून राहिली की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, उद्यापासून कमी करा. रिकामी केली की समजतं, घाई आहे. तेव्हा आता दहा वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं, आधी हाताने आणि नंतरही हाताने, बाटलीत काय येतं तिकडे बघायचं नाही. आणि पडद्यामागे बसायचं नाही, खुर्ची सात नंबरच्या शेजारी लावू. मग तिने स्वतःच जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, शिकलेल्या बाई तुम्ही!" आणि उद्याच्या गोळीवर काट मारली. पाच दिवस बघू, म्हणाल्या. उशीर झालाय, पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. संमतीच्या कागदावर तिने सही केली. त्या दुपारी दोन वाजता सात नंबरच्या नळीतून निम्मं तिचं आणि निम्मं कुणा अनोळखी बाईचं दूध एकत्र गेलं, आणि मुलीने नेहमीसारखीच डावी भुवई उंचावली. ती अनोळखी बाई जिथे असेल तिथे सुखी असो, असं तिच्या मनात आलं, आणि ते अगदी मनापासून आलं.

पुढचे दिवस एकसारखे होते. काचेला गुडघे लागतील अशी खुर्ची, मांडीवर यंत्र, एक हात पेटीच्या गोल खिडकीतून आत, मुलीच्या पाठीवर. पाठ केवढी, तिच्या चार बोटांएवढी. बाटलीत नऊ, बारा, सात, चौदा. एकदा तर तीन. वहीत दूधताईने हाताने दोन रकाने जास्तीचे आखून दिले होते आणि ती तीन म्हणजे तीनच लिहायची. घरी सासूबाई घड्याळ घेऊन बसायच्या. खरं कारण कळल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "म्हातारीने माझं लेकरू उपाशी ठेवलं की गं," आणि दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या वेळा चुकू देईनात. पाच मिनिटं उशीर झाला की दारात उभ्या. नवरा पहाटे कामावर जाताना थंड पिशवीतून बाटल्या दवाखान्यात पोचवायचा. बेरीज शहाऐंशी झाली, मग एक्याऐंशी, त्या दिवशी तिने जेवण टाकलं आणि सासूबाईंनी ताट परत तिच्यापुढे ठेवलं. मग त्र्याण्णव. मग एकशे एक. तोवर मुलीचं दिवसाचं एकशे चव्वेचाळीसवर गेलं होतं. ती धावत होती आणि मुलगी तिच्यापुढे धावत होती. येईल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि जुळ्यांची आई फ्रीजमध्ये जागा मागायला येऊन उगाच पाच मिनिटं तिच्या खुर्चीपाशी रेंगाळायची, काही न बोलता, जे तिच्या बाबतीत फारच झालं.

सतराव्या दिवशी, पाच दिवसांच्या मुदतीच्या अखेरच्या सकाळी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिला बाहेर घेऊन छातीशी धरायला हरकत नाही. तिला वाटलं आपण ऐकण्यात चूक केली. सतरा दिवसांत तिने मुलीला काचेच्या आतूनच हात लावला होता. तिला आरामखुर्चीत मागे टेकवून बसवलं, अंगरख्याच्या नाड्या पुढून सोडल्या, आणि दूधताईने एका हाताने वायरी आणि दुसऱ्या हाताने मूल असं उचलून तिच्या उघड्या छातीवर आडवं-तिरपं ठेवलं, वर दुलई घातली. वजन लागलंच नाही. ऊब लागली. नखं लागली, कागदाच्या कडेसारखी. मुलीने डोकं इकडून तिकडे घासलं, एकदा शिंकल्यासारखं केलं आणि हनुवटीखाली जागा करून गप्प झाली. मॉनिटरच्या पडद्यावरचे आकडे, मुलीच्या श्वासाचे, ठोक्यांचे, हळूहळू स्थिर झाले. ती स्वतः श्वाससुद्धा बेताने घेत होती. आपण हिला टाकलं नव्हतं, ती घाईने आली, असं कुठूनतरी मनात आलं. तिने ते खोडलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. बारा वाजले, काढायची वेळ झाली, ती टळली, आणि तिला त्याची काळजी वाटली नाही.

मग काखेतून पुढे मुंग्या आल्यासारखं झालं, दोन्ही बाजूंनी, चरचरत. तिला वाटलं वायर कुठे रुतते आहे. दुलईखाली ओल पसरली, पोटावरून कोमट धार कमरेशी गेली, खुर्चीच्या रेग्झिनवर आली. मुलीचं कोपर आणि एक पाय त्यात भिजला. यंत्र नव्हतं, हात नव्हता, बाटली नव्हती. आपोआप येत होतं, थांबत नव्हतं. तिला इतका आनंद झाला की मुलगी हलू नये म्हणून तो तिला दाबून धरावा लागला. तिने हलक्या आवाजात दूधताईला हाक मारली, आणि दूधताईने येऊन दुलईचं टोक वर करून पाहिलं.

"अगंबाई! थांबा, थांबा, बाटली आणते. एवढं सगळं चाललंय वाया. हिला जरा या बाजूला घेते."

बारा वर्षं शहरातल्या गळत्या शोधण्यात घालवलेल्या त्या बाईने मुलीच्या पाठीवर ठेवलेला हात काढला नाही.

"हलवू नका तिला," ती म्हणाली. "जाऊ दे. आणखी येईल."